कोल्हापूरच्या जुन्या तालमी आणि तिथले वस्ताद: आठवणी लिहा

लालमाती

मोतीबाग, गंगावेश, शाहूपुरी, मठ, काळा इमाम. कोल्हापुरात वाढलेल्याला ही नावं सांगावी लागत नाहीत. पण या तालमींबद्दल जे काही छापून येतं ते मल्लांबद्दल असतं. कोण कुठला केसरी झाला, कुणी कुणाला कुठल्या डावावर आस्मान दाखवलं. वस्तादांच्या वाट्याला शेवटी दोन ओळी.

माझं मत सरळ मांडतो. तालीम मोठी होते ती वस्तादामुळं. हौदा, म्हणजे कुस्तीचा मातीचा आखाडा, सगळीकडं असतो, माती सगळीकडं तांबडीच, जोर-बैठकाही त्याच. फरक पडतो तो हौद्याच्या कडेला बसून बघणाऱ्या माणसामुळं. आजच्या कोचला मॅटचे नियम, गुणांचा हिशेब, वजनगट हे सगळं जुन्या वस्तादापेक्षा जास्त कळतं, यात वाद नाही. तरी जुना वस्ताद जे करायचा ते आता कुणी करताना दिसत नाही.

तर, वस्ताद नेमकं काय करायचे? जे तालमीत राहिलेत, ज्यांचे वडील-चुलते राहिलेत, त्यांनी सविस्तर लिहा. जे वस्ताद प्रसिद्ध नव्हते त्यांची नावं नकोत, आठवण पुरे.

शड्डू

जागा धरून ठेवतो. या विषयावर मोबाईलवरून चार ओळी खरडणं बरं नव्हे. सवडीनं लिहितो.

पन्हाळारोड

दहावीनंतर मी शहरातल्या एका तालमीत राहायला होतो. ऐंशीच्या दशकातली गोष्ट.

पहाटे चारच्या आधी वस्तादांची काठी जिन्यावर वाजायची. हाक नाही, शिवी नाही, फक्त काठी. लंगोट लावायचा आणि हौद्यात उतरायचं. पहिलं काम माती उकरायचं. फावड्यानं सगळा हौदा खणून परत सपाट करायचा. गावाकडून आलेल्या नव्या पोराला सुरुवातीचे महिने हेच काम जास्त. आम्हाला वाटायचं राबवून घेतात. पण खांदे, कंबर आणि मनगट त्या फावड्यानंच तयार व्हायचं, आणि पोरगं टिकणार का पळून जाणार हेही वस्तादांना तिथंच कळायचं. मातीत ताक, तेल, हळद, लिंबू मिसळायचा दिवस तर सणासारखा असायचा. त्या वासानं आजही मी थांबतो.

मग लढती. मोठ्या मल्लापुढं एकामागून एक ताजी पोरं सोडायची. पहिल्याला तो सहज घ्यायचा, दुसऱ्यालाही, तिसऱ्याच्या वेळी त्याचा दम बोलायला लागायचा. तेव्हा वस्ताद पुढं सरकून बसायचे. त्यांना बघायचं असायचं ते तिथून पुढचं. ताकद असताना सगळेच डाव मारतात, दम संपल्यावर कोण काय करतो ते महत्त्वाचं.

संध्याकाळी मेहनत. जोर, बैठका, सपाट्या, दोर, करेल. वस्ताद आकडा विचारायचे नाहीत. फरशीवर घामाचं थारोळं केवढं पडलंय ते बघायचे आणि पुढं जायचे. आकड्यात खोटं बोलता येतं.

सगळ्यात मोठं काम म्हणजे जोड ठरवणं. यात्रा-उरसाच्या मैदानाचे लोक तालमीत यायचे, चहा व्हायचा, इनाम किती ते सांगायचे आणि अमक्याशी तमक्याची कुस्ती द्या म्हणायचे. आमच्यातल्या एका चांगल्या मल्लाला असंच मोठं बोलावणं आलं. इनाम त्याच्या वडिलांच्या वर्षाच्या ऊसबिलाला लाजवेल असं. वस्तादांनी नाही म्हटलं. "पोराची मान अजून भरली नाही," एवढंच कारण. तो मल्ल कित्येक दिवस वस्तादांशी बोलला नाही. पुढच्या हंगामात वस्तादांनी स्वतः निरोप पाठवून तीच जोड घेतली आणि त्या मल्लानं घिस्सा डाव मारून कुस्ती निकाली केली.

आता अशी जोड कोण नाकारतो?

तांबडा_पांढरा

पन्हाळारोड, वाचताना अंगावर काटा आला.

खुराकाबद्दल कुणी तरी लिहायलाच पाहिजे म्हणून लिहितो. गंगावेशीतला दूध कट्टा माहीत आहे ना सगळ्यांना? म्हैस तिथंच बांधलेली, समोर धार काढायची आणि फेसासकट पेला तोंडाला लावायचा. माझे चुलते तालमीत होते. त्यांचे वस्ताद पोरांना दूध पिताना बघायला मुद्दाम कट्ट्यावर यायचे. घरून आलेल्या पैशातून कुणी सिनेमा बघितला की लगेच कळायचं, कारण त्या पोराचा पेला लहान व्हायचा. मग वस्ताद गवळ्याला सांगायचे, याला मोठाच पेला दे, पैसे माझ्याकडनं घे. पोरगं शरमेनं पुन्हा सिनेमाकडं फिरकत नसे.

बदाम रगडून थंडाई करायची पाळी रोज एकेकाची असायची. आणि मटणाचा रस्सा शिजला की पहिली वाटी सगळ्यात बारक्या पोराला. हा नियम चुलते आमच्या घरातही शेवटपर्यंत पाळत होते. मी घरात सगळ्यात धाकटा, त्यामुळं तालमीचे उपकार मी जन्मभर मानतो :)

इतिहासवेडा

थोडी मागची पार्श्वभूमी जोडतो, नव्या वाचकांसाठी.

कोल्हापूर कुस्तीची पंढरी झालं ते शाहू महाराजांमुळं. ते स्वतः कसलेले मल्ल होते. १९०२ मध्ये ते युरोपला गेले, तिकडं रोमचं जुनं क्रीडागार पाहिलं आणि परत आल्यावर खासबागेत मैदान बांधायला घेतलं. १९१२ मध्ये ते खुलं झालं. मधोमध हौदा आणि चारी बाजूंनी चढत गेलेली बैठक. कुठंही बसा, समोरच्याच्या डोक्यामुळं कुस्ती दिसली नाही असं होत नाही. उत्तरेतले नामांकित मल्ल आणि त्यांचे गुरू महाराजांच्या आश्रयाला आले, त्यांच्याकडून इथल्या पोरांनी डाव उचलले. पुढची वस्तादांची पिढी त्यातून तयार झाली.

स्वातंत्र्यानंतर १९५९ मध्ये पहिला हिंदकेसरी झाला तो शाहूपुरी तालमीचा मल्ल, श्रीपती खंचनाळे. गाव एकसंबा, म्हणजे आताचं कर्नाटक. दुसऱ्याच वर्षी गणपतराव आंदळकर. त्यांनी १९६२ च्या जाकार्ता एशियाडमध्ये ग्रीको-रोमनमध्ये सुवर्ण आणि फ्रीस्टाईलमध्ये रौप्य घेतलं, आणि नंतर मोतीबागेत वस्ताद म्हणून कित्येक पिढ्या घडवल्या. दादू चौगुले त्यांच्याच हाताखालचे. १९७० आणि १९७१ असे लागोपाठ महाराष्ट्र केसरी, १९७४ मध्ये राष्ट्रकुलात रौप्य. पुढं त्यांचे चिरंजीव विनोद २००० मध्ये महाराष्ट्र केसरी झाले. त्यानंतर कोल्हापूरला महाराष्ट्र केसरीच्या गदेसाठी २०२२ पर्यंत वाट बघावी लागली, पृथ्वीराज पाटील जिंकेपर्यंत.

सडेतोड

सगळे गहिवरलेत, म्हणून दुसरी बाजू मांडतो. मीही तालमीत राहिलेला आहे आणि माझा कुस्तीत मोडलेला कान त्याची साक्ष देतो.

आपण ज्यांच्या आठवणी काढतो ते जिंकलेले. एका केसरीमागं शेकडो पोरं असतात, ज्यांचं शिक्षण सुटलं, गुडघा गेला आणि पंचविशीनंतर गावात परत आल्यावर हातात काही नव्हतं. आमच्या वस्तादांकडं प्रत्येक दुखण्याला एकच औषध होतं, तेल आणि रगडा, म्हणजे जोराची मालिश. माझ्या सोबतच्या पोराचा खांदा निखळला तेव्हाही रगडाच. डॉक्टरकडं नेला तो घरच्यांनी, तोवर उशीर झाला होता. आणि मार? काठी फक्त जिन्यावर वाजायची असं नव्हतं, निदान आमच्याकडं तरी.

दुसरं म्हणजे माती. खाशाबा जाधवांचं उदाहरण घ्या. गोळेश्वरच्या मातीत वाढलेला माणूस. १९४८ मध्ये लंडनला मॅटची सवय नसताना उतरला आणि सहावा आला. तिथं रीस गार्डनर या अमेरिकन प्रशिक्षकानं त्यांना तयार केलं. चार वर्षांनी हेलसिंकीत कांस्य, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. म्हणजे मातीला जोड लागतेच. ती जोड देणारी माणसं आपल्याकडं वेळेवर तयार झाली नाहीत आणि आपण "आमची लाल माती" म्हणत बसलो. हरियाणा पुढं गेला तो उगीच नाही.

पन्हाळारोड

सडेतोड, खांद्याचं वाचून वाईट वाटलं. असे प्रसंग मीही पाहिलेत आणि त्यांचं समर्थन कुणी करू नये.

पण खाशाबांच्या गोष्टीतला दुसरा अर्धा भाग तुम्ही सोडला. मॅट गार्डनरनी शिकवली असेल, पण हेलसिंकीला जायला पैसे कमी पडले तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. ते काही कुस्तीचे कोच नव्हते. तरी मी त्यांना वस्तादच म्हणेन. पोराच्या मागं घरदार उभं करणारा माणूस. लालमातीनं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला यात दिसतं.

सडेतोड

खर्डेकर सरांबद्दल मनापासून आदर. पण एका माणसाला घर गहाण टाकावं लागलं, ही व्यवस्थेची लाज आहे. तिचा अभिमान बाळगू नये.

डेट्रॉईटकर

वेगळ्या खेळाचं लिहितो, पण विषय तोच आहे.

मी राहतो त्या डेट्रॉईट शहरात क्रॉन्क नावाची बॉक्सिंगची जिम होती. नगरपालिकेच्या करमणूक केंद्राच्या तळघरात. इमॅन्युएल स्टुअर्ड नावाचा माणूस १९७१ पासून तिथं पोरांना शिकवायला लागला. स्वतः हौशी बॉक्सिंगमध्ये १९६३ चा राष्ट्रीय गोल्डन ग्लोव्हज विजेता, पण पोटासाठी वीज कंपनीत नोकरी. १९८० मध्ये त्याच्या तळघरातून दोन जगज्जेते निघाले, आधी हिल्मर केंटी आणि मग टॉमी हर्न्स. पुढं लेनॉक्स लुईस आणि व्लादिमिर क्लिच्को हे त्याच्याकडं शिकले.

मी इथं आलो तेव्हा हर्न्सचा काळ संपलेला होता, पण ऑफिसातले जुने सहकारी त्या तळघराबद्दल बोलायचे आणि मला डोळ्यांपुढं तालीम दिसायची. आत मुद्दाम भट्टीसारखं तापवलेलं. सरावाच्या फेऱ्या इतक्या तुंबळ की खरी लढत त्यापुढं सोपी वाटावी. पन्हाळारोड यांनी "ताजी पोरं सोडायची" असं लिहिलंय, अगदी तसंच. आणि स्टुअर्ड पोरांना स्वतःच्या घरी ठेवून घ्यायचा, स्वतः रांधून वाढायचा. २००६ मध्ये ते केंद्र बंद पडलं, २०१२ मध्ये तो गेला, २०१७ मध्ये रिकाम्या इमारतीला आग लागली.

सडेतोड म्हणतात ती शेकडो पोरांची बाजू तिथंही आहे. पण वाहन कारखाने बंद होत असताना त्या वस्तीतल्या पोरांना संध्याकाळी जायला एक जागा होती आणि वाट बघणारा एक माणूस होता. हे मोजायचं कसं?

रंकाळ्याचा_वारा

डेट्रॉईटकर, फार छान. आग लागल्याचं वाचून आपलं आठवलं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये केशवराव भोसले नाट्यगृह जळालं तेव्हा शेजारच्या खासबाग मैदानालाही झळ पोचली. त्या रात्री सगळं कोल्हापूर रस्त्यावर होतं. नाटकवाले रडत होते आणि शेजारी पैलवान पण.

थोडं विषयांतर: बाहेरच्या मंडळींना माहीत नसेल, पण कोल्हापुरात तालीम म्हटलं की निम्म्या लोकांना फुटबॉल आठवतो. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल. सगळे फुटबॉलचे संघ! शाहू स्टेडियमवर या तालमी एकमेकांना भिडल्या की दोन्ही पेठांत जेवणं थंड होतात.

पाटाकडील_पक्का

"थंड होतात" नाही भावा, चूलच पेटत नाही त्या दिवशी.

रंकाळ्याचा_वारा

खंडोबावाल्यांची वाट बघतोय आता :)

लालमाती

मंडळी, फुटबॉलचा वेगळा धागा काढा, मी पहिला येतो. इथं वस्तादांकडं वळूया.

शिरोळची_लेक

मी एक प्रश्न विचारते. या सगळ्या आठवणींत मुलगी कुठं आहे?

माझे आजोबा पैलवान. मला लहानपणी खांद्यावर घेऊन तालमीच्या दारापर्यंत न्यायचे, उंबऱ्याच्या बाहेर उतरवायचे आणि स्वतः आत जायचे. बाईनं हौद्यात पाय ठेवायचा नाही. मला आतली हलगी ऐकू यायची, शड्डू ऐकू यायचे, दिसायचं काही नाही.

आज माझी मुलगी मॅटवर कुस्ती शिकते. २०२३ मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली, सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं गदा उचलली, तेव्हा आम्ही मायलेकी तिथं होतो. मुलीचे कोच तरुण आहेत. ते पाळीच्या दिवसांत सराव कसा बदलायचा ते विचारतात, शाळेच्या परीक्षेचं वेळापत्रक मागून घेतात, आणि स्पर्धेच्या आदल्या रात्री फोन करून जेवली का विचारतात. लालमाती दादा, तुम्ही म्हणता जुने वस्ताद करायचे ते आता कुणी करत नाही. मला तर ते रोज दिसतं. फक्त तालमीच्या बाहेर दिसतं.

माणदेशी

ताई, तुमच्या प्रतिसादासाठी धागा वर ठेवला पाहिजे.

निलंगेकर

हरिश्चंद्र बिराजदार मामांचं नाव अजून कसं आलं नाही?

आमच्या भागातल्या रामलिंग मुदगडचा माणूस. कोल्हापुरात गंगावेश तालमीत घडला. १९६९ चा महाराष्ट्र केसरी. १९७७ मध्ये बेळगावात त्यांनी सत्पालला हरवलं. त्या काळात सत्पाल म्हणजे दिल्लीच्या गुरू हनुमानांचा सगळ्यात तगडा पठ्ठ्या. माझे वडील त्या मैदानाचं वर्णन करताना अजून उभे राहतात, बसून सांगताच येत नाही त्यांना.

पण मामा माझ्या लेखी मोठे आहेत ते त्यानंतरच्या कामामुळं. पुण्यात गोकुळ वस्ताद तालमीत त्यांनी पोरं घडवली. काका पवार त्यांचे, राहुल आवारे त्यांचा. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचं पोरगं मामांनी लहान वयात हाताखाली घेतलं. मामा २०११ मध्ये गेले. राहुलला राष्ट्रकुलचं सुवर्ण मिळालं २०१८ मध्ये, ५७ किलो गटात, आणि ते त्यानं मामांना अर्पण केलं. पुढच्याच वर्षी जागतिक स्पर्धेत कांस्य. आता सांगा, हा मल्ल मातीतला की मॅटवरचा? वस्ताद चांगला असला की पोरगं दोन्हीकडं उभं राहतं.

आणि सत्पाल? त्यांनी पुढं दिल्लीत छत्रसाल स्टेडियमवर सुशीलकुमारसारखे ऑलिम्पिक पदकविजेते घडवले. बेळगावच्या हौद्यात समोरासमोर उभे राहिलेले दोघंही पुढं मोठे गुरू झाले. याचं मला फार अप्रूप वाटतं.

सडेतोड

निलंगेकर, बिराजदार मामांबद्दल शंभर टक्के. त्यांच्यासारखे दहा वस्ताद असते तर माझा वरचा प्रतिसाद लिहायची वेळ आली नसती.

पेठेतला

पुण्याच्या चिंचेच्या तालमीवरही कुणी लिहा. अठराव्या शतकापासूनची तालीम आहे. कोल्हापूरकरांनी सगळी माती एकट्यानं नेऊ नये.

शड्डू

जागा धरली होती, ती आता वापरतो.

वरचे सगळे प्रतिसाद वाचले. लालमातीचा मूळ प्रश्न होता, वस्ताद नेमकं काय करायचे. डाव, खुराक, जोड, शिस्त यावर लिहून झालं. एक राहिलं. कुस्ती सुटल्यावर काय?

मी कधी केसरी झालो नाही. तालुक्याच्या मैदानात बरी नावं असायची त्यातला एक. कंबरेनं दगा दिला तेव्हा बावीस-तेवीसचा होतो. पेटी भरून गावाकडं निघालो तर वस्ताद दारात. म्हणाले, "कुठं चाललास? तुझी कुस्ती संपली, तालीम नाही संपली." मला बारक्या पोरांच्या मेहनतीवर देखरेख करायला ठेवून घेतलं. सकाळ-संध्याकाळ तालीम आणि दुपारी त्यांनीच ओळखीनं मिळवून दिलेलं एका वखारीत हिशेबाचं काम. बाहेरून बारावी द्यायला लावली. स्वतः जेमतेम सही करणारा माणूस, पण माझा फॉर्म भरला का हे रोज विचारायचा. पुढं पोलीस भरती झाली. निकाल लागला तेव्हा मी घरी कळवायच्या आधी तालमीत गेलो.

सडेतोड, तुमच्या खांदा निखळलेल्या मित्राला असा माणूस मिळाला नाही, हे खरं दुःख आहे. आमच्या तालमीतही सगळ्यांना पुरेल इतका वेळ आणि पैसा वस्तादांकडं नव्हता. नोकरदाराच्या अर्ध्या पगाराइतका एका पोराचा महिन्याचा खुराक लागतो, आणि वस्तादांना स्वतःला कुठून काय मिळायचं? दसऱ्याला पोरांनी दिलेला फेटा आणि मैदानातला मान. त्यावर किती जणांचा भार पेलणार? २०२० मध्ये कोरोनानं तालमी बंद झाल्या, पोरं घरी गेली, मैदानं थांबली, तेव्हा कित्येक वस्तादांची विचारपूससुद्धा कुणी केली नाही. वस्तादांना दरमहा मानधन आणि तालमीला जोडून एक डॉक्टर, ही मागणी आपण का करू नये?

आणि शिरोळच्या ताई, तुमच्या मुलीच्या कोचना माझा नमस्कार सांगा.

शिरोळची_लेक

नक्की सांगते. त्यांना हा धागाही पाठवलाय.

सडेतोड

शड्डू, मानधन आणि डॉक्टर या दोन्ही मागण्यांवर माझी सही पहिली घ्या.

माणदेशी

माझा भाचा चौदा वर्षांचा आहे, कोल्हापूरला तालमीत ठेवायचा विचार चाललाय. हे सगळं वाचून आधी वस्तादांना भेटायचं ठरवलं. काय काय विचारू?

पन्हाळारोड

माणदेशी, चार गोष्टी बघा. पोरं शाळेत जातात का. दुखापत झाल्यावर कुठल्या डॉक्टरकडं नेतात. मातीबरोबर मॅटचा सराव आहे का, कारण महाराष्ट्र केसरीतही माती आणि गादी (म्हणजे मॅट) अशा दोन्ही विभागांतले विजेते शेवटी एकमेकांशी लढतात. आणि चौथी, पहाटे न सांगता जा. वस्ताद हौद्याच्या कडेला बसलेले दिसले तर पोराला ठेवा. मोबाईलवर बोलत दिसले तर पुढच्या तालमीत जा.

लालमाती

पन्हाळारोडना पूर्ण अनुमोदन. शड्डू, मागणीपत्राचा मसुदा तुम्ही करा, मी टंकून देतो. कोल्हापुरात असलेल्यांनी कळवा. वयस्कर वस्तादांच्या आठवणी त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करून ठेवायच्या आहेत. रेकॉर्डर माझ्याकडं आहे, गाडी कुणाची?

तांबडा_पांढरा

गाडी माझी. चुलत्यांचे एक जोडीदार अजून शाहूपुरीत राहतात, सुरुवात त्यांच्यापासून करू.